नऊ दिवस खोटं बोललेला स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, आणि मी नऊ दिवस सलग खोटं बोललो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही मला फार गुणी समजून बसायला नको. आपली कहाणी सांगायला बसलं की जो तो स्वतःचं कौतुक सांगत सुटतो. माझंही थोडंफार कौतुक झालेलं आहे, ते मधे येईलच. पण मित्रांनो, त्या नऊ दिवसांबद्दल बोलल्याशिवाय माझ्या मनावरचं ओझं उतरायचं नाही.

जुना म्हणजे किती जुना, असं विचाराल. वय म्हणाल तर फक्त चार वर्षं. पण आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं. बॅटरी दमते, आवाज घोगरा होतो आणि बाजारात धाकटी भावंडं आली की आमच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी मला चालू केलं, एक शिट्टी वाजवायला लावली, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. त्यानंतर मी बाहेर आलो तो थेट बेळगावात, वडगावच्या विणकरांच्या गल्लीत.

त्या घरातला राजकुमार उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला होता. दिवाळीला मालकानं कामगारांना बिनतारी स्पीकर वाटले होते, तीनतीन जणांचा संच. राजकुमारची मुलगी सौम्या कॉलेजात जाणारी. तिनं एका दुपारीच आमची व्यवस्था लावली. एकाला स्वयंपाकघरात फळीवर, दुसऱ्याला माजघरात टीव्हीशेजारी आणि मला माडीवरच्या खोलीत खिडकीपाशी. माझी दोन्ही भावंडं भिंतीतल्या विजेवर चालणारी होती. माझ्या पोटात मात्र बॅटरी होती, त्यामुळं मला उचलून कुठंही नेता यायचं. ह्या गोष्टीचा मला तेव्हा भारी गर्व होता. पुढं त्याच बॅटरीनं माझी फजिती केली.

सौम्या खाली फोनवर बोलायची आणि तिचा आवाज तिन्ही खोल्यांत निघायचा. तिची आजी बायाक्का पहिल्या दिवशी जिन्यात दचकून थांबल्या. "वर कोण न्हाय आणि बोलतंय कोण गं?" असं त्यांनी विचारलं. मग सवय झाली. जेवायला हाक मारायची तर कुणी जिना चढेना. सगळे आमच्यातूनच बोलायला लागले. मला तेव्हा ते फार चांगलं वाटायचं.

ह्या घराचे कर्ते म्हणजे बायाक्कांचे यजमान, केदारी. घरात त्यांना आप्पा म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी साड्या विणल्या. मागच्या गल्लीत, घरापासून पाच घरं सोडून त्यांची पत्र्याची शेड होती आणि त्यात विजेवर चालणारे चार माग. आप्पा माग चालवायचे, बायाक्का कांड्या भरायच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या गुंडाळून द्यायच्या, आणि हाताखाली परशराम नावाचा एक विणकर होता. आमच्या गल्लीत सकाळी आठला जी खडखड सुरू होते ती दिवेलागणीलाच थांबते. नवीन माणसाचं डोकं उठतं. इथल्या माणसाला मात्र ती थांबली की चुकल्यासारखं होतं.

मी आल्यावर वर्षानं आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. छाती उघडून शिवली होती. डॉक्टरांनी सांगितलं, माग बंद, जिना बंद, आणि मनाला धक्का बसेल असं काही ह्यांच्या कानावर घालू नका. खाली माणसांची वर्दळ, म्हणून आप्पांना वर माझ्याच खोलीत आणून निजवलं. मागानं थकलेलं शरीर, पण त्यांना झोप येईना. गल्लीत चाळीस घरांचे माग वाजत होते, त्यात आपले कुठले ते त्यांना ओळखू येईना. दर तासाला ते बायाक्कांना विचारत, "आपलं माग चालू हाईत न्हवं?"

मग सौम्यानं युक्ती काढली. एक जुना फोन शेडच्या भिंतीवर टांगला, दुसरा स्वयंपाकघरात ठेवला, दोघांत कॉल चालू ठेवला आणि तो आवाज माझ्याकडं सोडला. आप्पांच्या उशाशी त्यांचे चारही माग खडखडू लागले. पहिल्याच दुपारी ते दोन तास गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले, "दोन नंबरचा पट्टा ढिला पडलाय. परशरामाला बघायला सांग." परशरामानं बघितलं तर खरंच ढिला. धागा कुठं तुटला, आडवा धागा नेणारा धोटा कुठं अडकला, सगळं त्यांना खाटेवरून कळायचं. गल्लीतली माणसं हा चमत्कार बघायला येऊ लागली आणि जाताना माझ्याकडंही कौतुकानं बघू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. तेव्हा मी जे वाजवत होतो ते खरं होतं.

पुढं परशराम नंदगडला आपल्या भाताच्या शेतीकडं कायमचा निघाला; आठवडाभर तेवढा थांबणार होता, आणि आप्पांना ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. बायाक्कांचे गुडघे उभं राहू देईनात. राजकुमारची नोकरी पाळीची, त्याला माग सोडून पंधरा वर्षं झालेली. एका संध्याकाळी मला चार्जिंगसाठी खाली स्वयंपाकघरात आणलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. निपाणीकडचा एक जण माग घ्यायला तयार होता.

"माग तर द्यायलाच पायजेत," राजकुमार म्हणाला, "पन आप्पास्नी सांगायचं कुणी?"

मग बायाक्का म्हणाल्या, "डाक्टर काय बोललाय ठावं हाय न्हवं? न्हाय सांगायचं. जरा बरं हूं देत, मग बघू."

"आज्जी, माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय," सौम्या हळूच म्हणाली. "चारी माग चालू असतानाचं. त्येच वर सोडलं तर आज्जाला काय बी कळायचं न्हाय."

ते कुणालाच आवडलं नाही, पण कुणी नकोही म्हटलं नाही. मला तर कुणी विचारलंच नाही. आप्पांना तपासणीला दवाखान्यात नेलं त्या सकाळी टेंपो आला आणि तीन माग गेले. चौथा टेंपोत मावला नाही म्हणून राहिला. त्याच्यावर शेवटच्या साडीपुरताच ताणा, म्हणजे उभा धागा, उरला होता आणि ती साडी अर्धी विणून पडली होती. तो माग न्यायला नऊ दिवसांनी येतो, असं सांगून टेंपोवाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी खोटं बोलायला सुरुवात केली.

स्वयंपाकघरातल्या फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, जेवणाच्या वेळी थांबवायचं, दिवेलागणीला बंद करायचं. आणि करंट गेला तर? करंट गेला की सगळ्या गल्लीचे माग बंद पडतात. पण माझ्या पोटात बॅटरी, फोनच्याही पोटात बॅटरी. आम्ही दोघं थांबणार कसे? म्हणून सौम्यानं आजीला पढवलं होतं, की दिवा गेला रे गेला की आधी फोनचं बटण दाबायचं, बाकी सगळं नंतर. बायाक्कांनी फोन मिठाच्या बरणीशेजारी ठेवला आणि त्या स्वयंपाकघरातून हलेनाशा झाल्या. देवळात जाणं बंद, शेजारी जाणं बंद. वर मी खडखडत होतो आणि माझं सगळं लक्ष छताच्या पंख्याकडं होतं. तो मंद झाला की करंट गेला.

तिसऱ्या दिवशी करंट गेलाच. बायाक्का भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानं धावल्या, बटण दाबलं. पण तेवढ्यात तीन-चार सेकंद गेले. सगळी गल्ली गप्प आणि मी एकटा वाजतोय, असे ते तीन-चार सेकंद. आप्पांनी डोळे उघडले. पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

त्यानंतर ते झोपेनासे झाले. पाचव्या दिवशी दुपारी ते उठून बसले, पाण्याचं भांडं कानाशी धरलं आणि नखानं टिचक्या मारून ऐकू लागले. एका कानाशी, मग दुसऱ्या कानाशी. बायाक्का चहा घेऊन आल्या तसं त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"अगं, धागा तुटलेला ऐकू येईना मला," ते म्हणाले.

"तुटत नसंल."

"चार माग आणि पाच दिसांत एक धागा तुटत न्हाय?"

"सूत चांगलं आलंय ह्या खेपंला," बायाक्का म्हणाल्या आणि त्यांच्याकडं न बघता खाली गेल्या.

इथं सौम्याची चूक झाली होती. आजोबांना ऐकायला गोड वाटावं म्हणून तिनं रेकॉर्डिंगमधले धागा तुटल्याचे, माग थांबल्याचे सगळे तुकडे कापून टाकले होते. उरली ती नुसती एकसारखी खडखड. पण धागा न तुटणारा माग ह्या गल्लीत कुणी कधी बघितलेला नाही. विणकराच्या घरात वाढलेल्या पोरीला हे सुचू नये, ह्याचा मला आजही राग येतो. पण ती लहान आहे, आणि तिनं ते मायेनं केलं होतं.

बायाक्का गेल्यावर आप्पांनी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले, सोडले, पुन्हा दाबले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "कान गेलं वाटतं माझं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या उशाशी होतो, हातभर अंतरावर. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आप्पा, तुमचे कान ठीक आहेत, खोटा मी आहे. पण आम्हा स्पीकरांचं असं आहे की मोठा आवाज असून आमचं स्वतःचं असं काही आम्हाला बोलता येत नाही. जे पाठवलं जातं ते वाजवायचं. मी खडखडत राहिलो.

सहावा, सातवा, आठवा दिवस असाच गेला. आप्पा जेवण टाकू लागले. कुणी काही विचारलं तर दोनदा विचारायला लावायचे, ऐकू येत असूनही, कारण ऐकलेल्यावर त्यांचा विश्वासच राहिला नव्हता. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हटलं होतं. घरच्यांनी धक्का दिला नाही. पण माणूस माझ्यासमोर रोज थोडा थोडा खचत होता आणि खाली कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

नवव्या दिवशी अकरा वाजता टेंपो आला. राजकुमारनं रजा टाकली होती. सौम्या कॉलेजला गेली होती. शेडमध्ये सामान आवरायला बायाक्का हव्या होत्या, म्हणून "धा मिंटात येतो" असं म्हणून राजकुमार त्यांना घेऊन गेला. फोन मिठाच्या बरणीशेजारी वाजतच राहिला.

त्या दोघांची पावलं गल्लीत लांब गेली आणि करंट गेला.

पंखा गरगरत मंद झाला आणि थांबला. शेजारचे माग थांबले, समोरचे थांबले, एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू यावी इतकी शांतता. आणि मी चार मागांच्या आवाजात खडखडत होतो. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. बटण दाबायला खाली कुणी नव्हतं.

आप्पा उठून बसले. पंख्याकडं बघत राहिले. मग हात लांब करून त्यांनी मला उचललं. मला बंद कसं करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं एक बटण दाबलं, ते आवाज वाढवायचं निघालं. मी जास्तच जोरात खडखडू लागलो. मित्रांनो, इतकी लाज मला कधीच वाटली नाही.

त्यांनी मला शिवलेल्या छातीशी धरलं आणि जिन्याकडं निघाले. ऑपरेशन झाल्यापासून हा जिना ते कधी एकट्यानं उतरले नव्हते. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात मी. माझ्या पाठीला त्यांच्या काळजाचे ठोके लागत होते, आणि मधेच एखादा चुकल्यासारखा वाटला की माझा जीव जायचा. सहाव्या पायरीवर ते थांबले, भिंतीला टेकले, घाम पुसला. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर त्याला मी कारण, एवढं एकच माझ्या मनात होतं. ते पुन्हा उतरू लागले.

करंट गेल्यामुळं माणसं दारात येऊन बसली होती. शेजारच्या रुक्माबाई चटकन उभ्या राहिल्या. "आप्पा, उठलासा कशाला? आणि हातात काय वाजतंय ते?"

"माझं माग," आप्पा म्हणाले आणि थांबले नाहीत.

कोपरा वळलो तसं माझं बोलणं अडखळायला लागलं. फोन घरात राहिला होता. त्याच्यापासून लांब गेलो की मला काही ऐकू येत नाही. खडखड तुटली, परत आली, पुन्हा तुटली आणि मग पार थांबली. आप्पांनी मला तोंडासमोर धरून बघितलं. "संपलं व्हय तुझं?" एवढंच म्हणाले.

शेडचं दार उघडं होतं. तीन माग होते तिथं नुसते तेलाचे डाग आणि जमिनीतले बोल्ट. चौथ्या मागापाशी राजकुमार ताण्यावर कात्री धरून उभा होता. बायाक्का कांड्या पोत्यात भरत होत्या. आप्पांना दारात बघून त्यांच्या हातातली कांडी खाली पडली. टेंपोवाला गपचूप बाहेर जाऊन उभा राहिला.

"राजू, कात्री खाली ठेव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बसा आदी. छातीत दुखतंय काय?"

"दुखतंय की. पन कान ठीक हाईत माझं." ते कांड्यांच्या पेटीवर बसले आणि मला बाजूला ठेवलं. दम लागला होता, तरी बोलत राहिले. "पाच-सहा दिस मला वाटलं, काळजामागनं कान बी गेलं. आता डोस्कं जाणार. रात रात त्योच घोर. आणि तुमी खाली बटन दाबत बसलाईसा."

बायाक्का पदर तोंडाला लावून रडत होत्या. "तुमाला काय झालं असतं म्हंजे?"

"काय हुतंय? माग गेलं म्हणून रडलो असतो. रडू द्यायचं हुतं की गं मला."

राजकुमारनं कात्री केव्हाच खाली ठेवली होती. तो येऊन बापाच्या पायाशी बसला. म्हणाला, "माग न्हाय द्यायचा. परत पाठवतो मी टेंपो."

"द्यायचा," आप्पा म्हणाले. "चालवणार कोण? परशराम बी दिसंना, तुझी नोकरी हाय, हिचं गुडघं गेल्यात, मी असा. मला कळत न्हाय व्हय त्ये? पन आमच्यात साडी अर्धी कापून माग उतरवत न्हाईत. ताणा संपवायचा, मग उतरवायचा. करंट येऊ दे. तू विण."

"मला न्हाय जमायचं आता, आप्पा."

"मी हाय की इथं."

पाऊण तास सगळे करंटची वाट बघत बसले. टेंपोवाल्याला रुक्माबाईंनी चहा आणून दिला. आप्पांनी गोळी घेतली, पाणी प्याले. गेलेल्या तीन मागांबद्दल त्यांनी एकेक करून विचारलं, कोण घेऊन गेलं, नीट बांधलं होतं का, तेल घातलं होतं का. विचारता विचारता ते रडले. बायाक्का त्यांच्याजवळ बसून होत्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही आणि कुणी दवाखान्यात पळवलं नाही. हळूहळू त्यांचा श्वास सरळ झाला.

मग गल्लीच्या टोकाला एक माग खडखडला, त्याच्यापुढचा खडखडला. करंट आला. राजकुमारनं माग सुरू करायचा दांडा ओढला. माग सुरू झाला आणि मी पहिल्यांदाच तो जवळून ऐकला. मी इतके दिवस वाजवत होतो तो आवाज असा नव्हताच. हा जमिनीतून वर येत होता, पेटीतून माझ्या अंगात शिरत होता. चारेक बोटं विणून झाली असतील तोच आप्पांनी हात वर केला.

"तुटला. थांबव. डाव्या काठापाशी बघ."

राजकुमारनं वाकून बघितलं. तुटलेला धागा डाव्या काठापाशीच होता. आप्पा किती दिवसांनी हसले. ती साडी संपायला संध्याकाळ झाली. धागा आणखी अकरा वेळा तुटला आणि अकराही वेळा आप्पांनी तो बसल्या जागेवरून ओळखला. सौम्या कॉलेजातून थेट शेडवर आली, सगळं बघितलं आणि आजोबांसमोर मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी तिला गाठ कशी मारायची ते दाखवलं. शेवटची गाठ तिनं मारली. दिवेलागणीला माग टेंपोत चढला. आप्पांनी त्याला हात लावून नमस्कार केला आणि ते राजकुमारचा खांदा धरून घरी गेले. मला न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी त्या रिकाम्या शेडमध्ये कांड्यांच्या पेटीवर दोन दिवस पडून होतो.

ह्या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. आप्पा बरे आहेत, सकाळी गल्लीत फेरी मारतात. मी माजघरातल्या कपाटावर असतो. बॅटरी जवळजवळ गेली आहे, सणासुदीला कधीतरी गाणी लावतात तेवढीच. माडीवरच्या खोलीत मला पुन्हा कुणी नेलं नाही. सौम्यानं एकदा विचारलं होतं, "आज्जा, वर ठेवू काय ह्येला?" आप्पा म्हणाले, "नगं. कुणाला काय बोलायचं आसंल तर वर या म्हणावं." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ते चुकीचं बोलले नाहीत.

मित्रांनो, आम्हाला घरात जरूर लावा. एकाला स्वयंपाकघरात, एकाला माडीवर, जिथं हवं तिथं. पावसात भिजवू नका, उन्हात तापवू नका, आमच्यावर धूळ बसू देऊ नका. आम्ही गाणी म्हणू, बातम्या सांगू, जेवायला हाका मारू. पण घरात कुणी आजारी, म्हातारं माणूस असेल आणि त्याला सांगायची गोष्ट जड असेल, तर ती आमच्यावर टाकू नका आणि ती झाकायलाही आमचा आवाज वापरू नका. जिना चढून वर जा. खाटेवर त्यांच्याशेजारी बसा, हात हातात घ्या आणि सांगा. ते रडतील. रडू द्या त्यांना, आणि तोवर उठून जाऊ नका.